डिस्क पॅड नवे टाकले तरी बाबांचं हेल्मेट माझ्या डोक्यावर: अँटॉप हिलच्या एका गॅरेजचा रिव्ह्यू

टक.

मागे माणूस बसवून मुंबईत बाईक चालवणाऱ्याला हा आवाज वेगळा सांगायला नको. आपण ब्रेक मारतो, मागचा पुढे सरकतो आणि त्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला आपटतं. २०२२ च्या जूनमध्ये ट्रॅफिकवाल्यांनी मुंबईत मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं आणि पावत्या फाडायला घेतल्या, तेव्हापासून हा आवाज जास्त ऐकू यायला लागला. त्याच्या आधी मागच्याचं नाक आपटायचं, त्याला आवाज नव्हता एवढंच.

माझ्या मागे बाबा बसतात. दर रविवारी सकाळी प्रतीक्षानगर ते सिटीलाइट मार्केट, मासळी आणायला. जाताना रिकामी पिशवी, येताना भरलेली, आणि ती पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये. आता मागच्याला पुढे ढकललं की काय होतं ते तुम्हीच समजून घ्या, माझ्या दोन जीन्सना पाठीमागे बांगड्याचा वास आहे तो कुठल्याच पावडरने गेला नाही. बरं, बाबा म्हणजे साधा पॅसेंजर नाही. बेस्टमध्ये एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली काही वर्षं डबलडेकरवर. तोंडाने एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त मोजायचे. घरी आलो की चपला काढता काढता आईला रिपोर्ट, "आज नऊ." आईने विचारायचं, "नऊ काय, पापलेटं?" आणि बाबांनी माझ्याकडे बोट करायचं.

तर त्या नऊचा इलाज शोधत शोधत मी या गॅरेजला पोचलो. नाव लिहीत नाही कारण गॅरेजला नावच नाही, पाटीवर एका ऑइल कंपनीची जाहिरात आहे आणि खाली खडूने 'पंक्चर बाजूला' लिहिलंय. अँटॉप हिलला सीजीएस कॉलनीच्या बाजूने आत आलात की निळी ताडपत्री दिसेल, तिथे कोणालाही तात्यांचं गॅरेज विचारा.

आधी गाडीचं सांगतो. दीडशे सीसीची साधी कम्युटर, २०१९ ची, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं त्यामुळे माझ्या गाडीत ते आहे, पण सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. घेताना मला वाटलं होतं एबीएस आहे म्हणजे ब्रेकचा विषय संपला. नाही संपत. एबीएसचं काम चाक लॉक होऊ न देणं, तुमच्या मागच्याची मान सांभाळणं हे त्याचं काम नाही, आणि मागचं चाक तर तसंही उघड्यावरच आहे.

पहिल्यांदा मी गाडी नेली एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला, नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, मशीनची कॉफी. सांगितलं, दोघं बसलो की ब्रेकला धक्का बसतो. टॅबवर टाइप करणाऱ्या मुलाने लिहिलं 'ब्रेक कम्प्लेंट', संध्याकाळी गाडी आली, डिस्क पॅड नवे, डिस्क साफ, बिल अठराशे चाळीस. त्या रविवारी बाबांचा आकडा अकरा. नवे पॅड अजून जास्त पकडत होते ना! मी परत गेलो तर म्हणाले, सर, टेस्ट राइड घेतली, ब्रेक एकदम ओके आहे. आणि तो खोटं बोलत नव्हता, ब्रेक ओकेच होता, पण टेस्ट राइड त्याने एकट्याने घेतली होती. दोघं बसल्यावरची तक्रार एकटा बसून कशी तपासणार हे त्यांनाही सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तात्यांनी काय केलं, गाडी स्टँडवर होती ती खाली घेतली, मला बसायला सांगितलं, आणि पोऱ्याला माझ्या मागे बसवलं. गाडी जागेवरच. मग हँडल धरून पुढे ढकलत मला म्हणाले, "आता पुढचा ब्रेक दाब." मी दाबला. गाडीने नमस्कार केला. अक्षरशः, पुढचे शॉकअप भसकन खाली गेले आणि पोऱ्या माझ्या पाठीवर. तात्या म्हणाले, "मागचा दाब." पाय दाबला, अर्ध्या पेडलपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम खट्ट. त्यांनी वाकून मागच्या टायरला अंगठा लावला आणि विचारलं, "हवा कधी भरलीस?" मी म्हटलं, गेल्या महिन्यात. ते नुसते हसले.

मला या माणसाचं आवडलं ते हे, की त्यांनी एक पार्ट पकडून बिल नाही फाडलं, पूर्ण साखळी लावून दाखवली. मागचा ड्रम उघडला तर आत काळा भुगा, लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे, घासून काचेसारखे चकचकीत, आणि ज्या कॅमने लायनर उघडतात तो कोरडा ठणठणीत. म्हणून पेडल आधी मेलेलं आणि मग एकदम चावायचं. आता माणूस काय करतो, जो ब्रेक चावतो तो वापरायचं सोडून देतो. मी वर्षभर सगळं काम पुढच्या डिस्कवर काढत होतो आणि मला ते कळलंही नव्हतं. त्यात पुढच्या शॉकअपमधलं ऑइल पहिल्या दिवसापासूनचं, पाण्यासारखं झालेलं, एका बाजूचं सील पाझरत होतं, म्हणजे डिस्क दाबली की पुढून गाडी डुबकी मारणार. मागचे शॉकअप कंपनीने दिले तसेच सगळ्यात नरम सेटिंगला. दोघं बसलो की मागून गाडी आधीच बसलेली, ब्रेक मारला की मागून वर आणि पुढून खाली, झोका डबल. आणि मागच्या टायरमध्ये हवा चोवीस. चेनगार्डवर स्टिकर आहे, एकट्यासाठी एकोणतीस, दोघांसाठी तेहतीस. सहा वर्षं ते स्टिकर माझ्या पायाच्या बाजूला आहे, मी कधी वाचलं असेल तर शपथ.

काम झालं ते असं: मागचे लायनर नवे, कॅम साफ करून ग्रीस, पेडलचा प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल, सेट, पुढचे दोन्ही ऑइल सील आणि शॉकअपचं ऑइल, मागचे शॉकअप दोन खाचा टाइट, चेन टाइट. ब्रेक ऑइलपण बदललं, ते हवेतली ओल ओढून घेतं म्हणून दोनेक वर्षांत बदलायचं असतं, माझ्या गाडीत ते चहाच्या रंगाचं झालं होतं. एकूण चौदाशे पन्नास. पुढच्या पॅडला त्यांनी हातही नाही लावला, म्हणाले, "हे कुणीतरी आत्ताच उगाच बदललेत." मी गप्प बसलो.

आता इथपर्यंत हा एका चांगल्या मेकॅनिकचा साधा रिव्ह्यू झाला असता. गाडी घ्यायला गेलो तेव्हा पैसे दिले, किक मारायला पाय उचलला, तर तात्या पोऱ्याचं हेल्मेट डोक्यावर चढवून, त्याला काच नव्हती, सरळ माझ्या मागे येऊन बसले. "चल, फाइव्ह गार्डनला एक राउंड मारू." दुपारचे अडीच वाजलेले, फाइव्ह गार्डनला त्या वेळी झाडाखाली झोपलेल्या टॅक्सीवाल्यांशिवाय फारसं कोणी नसतं. वाटेत त्यांनी नियम सांगितला. "ब्रेक कधी लागायला सुरुवात झाली हे मला कळलं की तुझ्या डाव्या खांद्यावर टिचकी. गाडी थांबताना झोका बसला की उजव्या खांद्यावर. मी झाड सांगणार, त्या झाडाला थांबायचं."

पहिल्या झाडाला डावी पण, उजवी पण. दुसऱ्याला पण. पाचव्या झाडापर्यंत माझे दोन्ही खांदे हुळहुळायला लागले, आणि तात्यांची बोटं म्हणजे बोटं नाहीत, नट आवळायचे पाने आहेत. सहाव्या झाडाला त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाले, "गाडी झाली. आता हात राहिलाय."

माझा पहिला गुन्हा क्लच. सिग्नल लाल दिसला की मी लांबूनच क्लच दाबून गाडी सोडून द्यायचो, पेट्रोल वाचतं म्हणून, हे कोणी शिकवलं आठवत नाही, पण आमच्या ग्रुपमधली अर्धी पोरं असंच करतात. क्लच दाबला की इंजिन गाडीला मागे धरत नाही, गाडी तशीच वाहत पुढे जाते, आणि मग जवळ गेल्यावर सगळा वेग शेवटच्या दहा-बारा मीटरमध्ये मारायला लागतो. तात्यांचं म्हणणं, आधी फक्त मूठ सोड, तीही फट्कन नाही, हळूहळू बंद कर, कारण ॲक्सिलेटर एकदम सोडला तरी मागच्याला तो छोटा ब्रेकच वाटतो. मग चौथा, तिसरा, दुसरा असा एकेक गिअर खाली, आणि प्रत्येक वेळी क्लच दमाने सोडायचा. इंजिनच अर्ध्याहून जास्त काम करतं. क्लच पूर्ण दाबायचा तो अगदी शेवटी, गाडी धडधडायला लागायच्या आधी.

दुसरा गुन्हा म्हणजे सुरुवात पुढच्या ब्रेकने करणं. एकटा असताना जोरात ब्रेक मारला की वजन सगळं पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं, म्हणून सगळे सांगतात की खरा ब्रेक पुढचाच, आणि ते बरोबरही आहे. पण मागे बाबांसारखा बहात्तर किलोचा माणूस असला की मागच्या चाकावर चांगलं वजन असतं, ते चाक एकट्यापेक्षा बरंच जास्त काम करू शकतं. तर आधी मागचं पेडल, नुसता पाय ठेवल्यासारखं. गाडी मागून किंचित बसते, स्थिर होते. मग पुढचा, दोन बोटांनी. आणि कसा दाबायचा? मला हे सांगताना तात्या समोर बसलेल्या फळवाल्याकडे बघत होते. "आंबा पिकलाय का बघायला दाबतोस ना, आणि आंबेवाला तुझ्याकडे बघतोय, तसं." एवढं एक वाक्य ऐकलं आणि माझ्या बोटांना कळलं. आधी स्पर्श, मग थोडा दाब, मग अजून थोडा. लिव्हरला हात लागणं आणि ब्रेक लागणं या दोघांच्या मध्ये एक जागा असते ती मला सहा वर्षांत पहिल्यांदा सापडली.

तिसरा गुन्हा, म्हणजे उजवा खांदा, हा सगळ्यात अवघड. मी गाडी थांबेपर्यंत ब्रेक तेवढाच दाबून ठेवायचो. दाबून ठेवला की होतं काय, गाडी थांबते पण स्प्रिंगा थांबत नाहीत, दाबलेले पुढचे शॉकअप एकदम सुटतात आणि गाडी मागे उसळी घेते, आणि जो माणूस आत्तापर्यंत पुढे ढकलला जात होता तो आता मागे. म्हणजे बाबांचं हेल्मेट टक करून परत जायचं ते याच्यामुळे. म्हणून शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, चालण्याच्या वेगावर आलो की, पुढचा ब्रेक हळूहळू सोडून द्यायचा आणि गाडी फक्त मागच्या ब्रेकवर उभी करायची. डावा पाय खाली, उजवा पेडलवरच. ऐकायला सोपं आहे पण समोर टॅक्सीचं बंपर असताना ब्रेक सोडायला मन तयार होत नाही. थोडं अंतर शिल्लक ठेवलं असेल तरच ते जमतं.

आणि अंतर हा तर मुंबईत सगळ्यात महाग माल. मी घरी येऊन हिशोब मांडला. चाळीसच्या स्पीडला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. मागच्याला कळणार नाही असं आरामात, पाचेक सेकंदात थांबायचं म्हटलं तर तीसेक मीटर लागतात. बाबांच्या भाषेत अडीच बस. दादर टीटीला तुमच्या पुढे अडीच बस एवढी मोकळी जागा कोण ठेवू देणार? सायनच्या पुढे रिक्षा नाहीत म्हणून निदान ते तरी वाचलो, पण तुम्ही जागा सोडली की काळीपिवळी आत, तिच्या मागून डिलिव्हरीवाला आत. याच्यावर तात्यांकडे उत्तर नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की मागे माणूस असला की चाळीसने जाऊच नको, तीसने जा. तीसला थांबायला चाळीसच्या जवळपास अर्धंच अंतर लागतं. वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलो होतो, पण शाळेत माझ्या मागे मासळीची पिशवी घेऊन कोणी बसलं नव्हतं. आणि वजनाचंही ऐका, गाडी एकशे चाळीस किलोची आणि वर आम्ही दोघं मिळून दीडशे, म्हणजे ब्रेक जे थांबवतोय त्यातलं अर्ध्याहून जास्त तर आम्हीच आहोत.

फाइव्ह गार्डनच्या चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत सात झाडांपैकी डाव्या खांद्यावर दोन टिचक्या, उजव्यावर तीन. तात्या उतरले, हेल्मेट पोऱ्याला दिलं, चहावाल्याला हाक मारली. याचे पैसे घेतले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "तू परत आला असतास ना, ब्रेक खराब म्हणत. माझाच वेळ गेला असता."

पुढच्या रविवारी बाबांना यातलं काही सांगितलं नाही. फक्त निघताना पिशवी मध्ये न ठेवता हुकला अडकवली, आणि त्यांना म्हटलं मागच्या दांडीला एका हाताने धरा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी त्यांना लायसन्स मागितलंय. गांधी मार्केटचा सिग्नल, किंग्ज सर्कल, दादर टीटी, टिळक ब्रिज चढून पलीकडे. एकही नाही. टिळक ब्रिज उतरताना मी स्वतःवर एवढा खूश झालो की लक्ष सुटलं, आणि पुढच्या टॅक्सीने पॅसेंजर बघून रस्त्याच्या मधेच गाडी उभी केली. तिथे आंबा-बिंबा काही आठवलं नाही, दोन्ही ब्रेक पूर्ण, लिव्हरमध्ये एबीएसची थरथर आणि डोक्यावर सणसणीत टक. गाडी टॅक्सीच्या हातभर मागे उभी. मी वळून बघितलं, बाबा हेल्मेट सारखं करत शांतपणे म्हणाले, "ही मोजत नाही."

मार्केटमधून परत येताना माटुंग्याला चहाला थांबलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं, झाडं, टिचक्या, शेवटच्या दोन मीटरचं. एकतीस वर्षांत या माणसाने मला कामाबद्दल जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या पंधरा मिनिटांत सांगितलं. डबलडेकरला स्टॉप जवळ आला की वरची माणसं आधीच जिन्यात येऊन उभी राहतात, एक पाय पायरीवर, एक हवेत, एका हातात पिशवी. "त्या वेळी मी ब्रेक तसाच दाबून ठेवला असता तर सगळे खाली कंडक्टरच्या अंगावर. म्हणून गाडी थांबायच्या जरा आधी पाय हलका करायचा. पूर्ण नाय उचलायचा. हलका." म्हणजे तात्यांचा उजवा खांदा, बाबांचा जिना. मी विचारलं, मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाही, नुसते मोजत का बसलात? म्हणाले, "तू विचारलंस कधी?" डिझेलची शेवटची डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा बाबा बघायला गेले होते, मी ऑफिसमध्ये होतो, हे मला तिथे चहा पिताना आठवलं. असो, रिव्ह्यू चालू आहे.

पावसाचं वेगळं सांगायला पाहिजे कारण हे सगळं मी मे महिन्यात शिकलो आणि जूनने परत पहिल्या बाकावर आणून बसवलं. झेब्राचे पांढरे पट्टे ओले झाले की साबण. पेव्हर ब्लॉक, गटाराची लोखंडी झाकणं, कामासाठी रस्त्यावर टाकलेले लोखंडी पत्रे, सगळं तेच. आणि आपला स्वभाव असा की थांबायचं ते बरोबर झेब्रावरच. तात्यांना फोन केला तर म्हणाले, पट्ट्याच्या आधी थांबून घे, पट्ट्यावर ब्रेक धरून जाऊ नकोस, आणि सुरुवात अजून दहा मीटर आधी. मागचा ब्रेक पावसात अजून हलका ठेवायचा, कारण माझ्या मागच्या चाकाला एबीएस नाही, लॉक झालं की गाडी शेपूट हलवते, आणि शेपटीवर बाबा. पहिल्या पावसात सिग्नलजवळचा भाग जास्त घसरडा असतो, गाड्या तिथेच उभ्या राहून ऑइल टपकवतात, हे मात्र बाबांनी सांगितलं.

आता तक्रारी, नाहीतर तुम्हाला वाटेल तात्या माझे मामा लागतात. गाडी 'परवा घेऊन जा' म्हणाले आणि दिली पाचव्या दिवशी, ऑइल सील आणायला पोऱ्या गेला आणि चुकीचं घेऊन आला, दोनदा. त्या पाच दिवसांत माझी गाडी बाहेर रस्त्याला लावलेली असायची, टोइंगवाले आले की पोऱ्या धावत गाड्या आत ओढतो, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. छापील बिल नाही, जीपे चालतं पण पावती म्हणजे वहीचं फाटलेलं पान, त्यावर 'लायनर, ऑइल, सील' आणि आकडा. गाडी धुऊन मिळत नाही, उलट सीटवर ग्रीसचा एक अंगठा आला तो अजून आहे. बसायला एक स्टूल आहे ते कायम कोणाच्या तरी ताब्यात. बोलणं तिखट आहे, माझ्यासमोर एका माणसाला म्हणाले की तुझी गाडी चांगली आहे, तू ती विकून टाक. आणि तो मागे बसून राउंड मारायचा प्रकार काही रेटकार्डवर नाही. माझ्या मित्राला मी मोठ्या कौतुकाने पाठवला, तो म्हणतो त्याच्या गाडीला हवा भरून हाकलून दिलं. त्याची गाडी एक महिन्याची नवी होती, तात्यांचं म्हणणं हिचं काही बिघडलंच नाहीये, शिक तुझ्या तू.

म्हणून पाचपैकी चार. एक तारा बाबांनी कापला, त्यांच्या मते पाच दिवस म्हणजे डेपोत मेमो मिळाला असता.

कोणाला हे घरच्या घरी करून बघायचं असेल तर खांद्यावरची टिचकी कोणीही मारू शकतं, बायको, भाऊ, रूममेट. रिकामा रस्ता आणि वीसचा स्पीड, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मागच्याला आधीच सांगा की अंग सैल सोडायचं नाही, मांड्या थोड्या आवळायच्या आणि दांडी धरायची, कारण मागचा पोत्यासारखा बसला तर तुमच्या हातात कितीही जादू असली तरी उपयोग नाही. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी चाळीस टिचक्या मारल्या, त्यातल्या निदान दहा ब्रेकच्या नव्हत्या, आधीचं काहीतरी बाकी होतं.

परवाच्या रविवारी बाबांचा आकडा दोन. एक खड्ड्यामुळे, तो मी मान्य करत नाही. दादर टीटीला सिग्नल हिरवा झाला तेव्हा मला माझ्या खांद्यावर दोन टिचक्या बसल्या, मी म्हटलं आता काय चुकलं, गाडी तर उभी आहे. तर मागून म्हणतात, "डबल बेल. चल."

गॅरेज सोमवारी बंद. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, तात्या पेपर वाचत असतात आणि पेपर संपल्याशिवाय गाडीकडे बघत नाहीत. आणि तुमचे वडील बेस्टमधून रिटायर झाले असतील तर त्यांना सोबत नेऊ नका. मी नेले होते चेन टाइट करायला, दहा मिनिटांचं काम, दोघं जुन्या बसच्या एअर ब्रेकवर बोलत बसले आणि मला घरी यायला पावणेदोन झाले, चेन तशीच.